पाण्याची कसोटी : तंजावूरला ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

सरकारी बदलीच्या निमित्ताने तंजावूरला येणारा मराठी माणूस पहिल्या सुटीच्या दिवशी बहुधा बृहदीश्वराच्या मंदिरात जातो. राजराज चोळाने उभारलेल्या त्या प्रचंड वास्तूच्या भिंतीवर सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. चहूकडे तमिळ ऐकून थकलेल्या कानांना आणि तमिळ पाट्या पाहून दमलेल्या डोळ्यांना तेथे एकाएकी देवनागरी अक्षरे दिसतात, आणि आपण अगदीच परक्या मुलखात आलेलो नाही, असा दिलासा वाटतो. त्यानंतरची फेरी सरस्वती महालाची. तेथील हस्तलिखितांच्या कपाटांपुढे उभे राहिले की तो दिलासा अभिमानात बदलतो.

मात्र मराठी माणसाने पाहावे असे तिसरेही एक ठिकाण या गावात आहे, आणि तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. शिवगंगा तळ्याजवळ १७७९ साली बांधलेले एक साधे चर्च आहे. लोक त्यास श्वार्त्झचे चर्च म्हणून ओळखतात. आत जॉन फ्लॅक्समन या प्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने घडविलेला संगमरवरी शिल्पपट आहे : जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ मृत्युशय्येवर पडले आहेत आणि तरुण सरफोजी त्यांचा हात हाती घेऊन जवळ उभे आहेत. ज्याने आपणांस वाढविले, शिकविले, गादीच्या वादात ज्याने आपली बाजू धरली, त्या गुरूचे हे स्मारक शिष्याने करविले. गुरूच्या समाधिशिळेसाठी शिष्याने स्वतः इंग्रजीत ओळीही रचल्या. आणि तरीही शिष्य ख्रिस्ती झाला नाही.

या शिल्पापुढे उभा असताना मला जो प्रश्न पडला त्याचे उत्तर तंजावूरच्या इतिहासात शोधण्याआधी मी एका मराठी पुस्तकात शोधले. प्रश्न असा : देवाची प्रेरणा झाली, असे माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या आयुष्यात नेमके काय बदलते, आणि ते बदलले हे ओळखायचे कशावरून? पुस्तक होते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि अखेरचा भाग अपुराच राहून लेखिकेच्या मृत्यूनंतर बाहेर आला. तेव्हापासून आपल्या टीकाकारांनी या ग्रंथाचे मनापासून कौतुक केले आहे. बोलीचा सहजपणा, विनोदाची निर्मळ दृष्टी, स्वतःच्या फजितीवर स्वतःच हसण्याची वृत्ती, पतीवरील प्रेम आणि पतीचे दोष यांना एकाच वाक्यात नांदविण्याचे कसब, हे सारे गुण पुनःपुन्हा सांगितले गेले आहेत आणि ते यथार्थ आहेत. २०१७ साली शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आल्यावर महाराष्ट्राबाहेरही त्याची नव्याने चर्चा झाली. परंतु या साऱ्या कौतुकात एक गोष्ट बाजूला पडते. धर्मांतर हा या पुस्तकातील एक प्रसंग समजला जातो. संसाराच्या कथेत आलेले एक मोठे संकट, एवढेच त्याचे स्थान. माझे म्हणणे असे की ‘स्मृतिचित्रे’ हे मुळात माणूस कसा बदलतो याचेच पुस्तक आहे, आणि हा बदल मराठीत इतक्या विश्वसनीय रीतीने दुसऱ्या कोणी लिहिलेला नाही. तो विश्वसनीय वाटतो, कारण लेखिकेने त्याचे माप तत्त्वज्ञानाने घेतलेले नाही. तिने ते घागर, चूल आणि पंगत यांनी घेतले आहे.

तुलनेसाठी मराठीतील इतर ख्रिस्ती आत्मकथनांकडे पाहू. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठी गद्याच्या घडणीच्या काळातील ते एक महत्त्वाचे पुस्तक आहे. त्यात एका बुद्धिमान तरुणाच्या मनातील झगडा आहे. वाचलेली पुस्तके, झालेले वाद, घरच्यांची भीती आणि सत्याची ओढ आहे. परंतु त्याची गती एखाद्या दाव्याच्या निकालपत्रासारखी आहे. दोन्ही पक्ष मांडले जातात, पुरावे तपासले जातात आणि निर्णय लागतो. निर्णयानंतर मनुष्य घरात कसा वागला, रागीट होता तो शांत झाला का, नोकराशी कसे बोलू लागला, हे विचारावयाची सोय त्या पद्धतीत राहत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. परंतु १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडावयास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. बाप्तिस्म्याची तारीख आणि अंतःकरण पालटल्याची तारीख या दोन निराळ्या असू शकतात, हे एवढ्या प्रामाणिकपणे सांगणारी व्यक्ती विरळा. तथापि ही साक्ष थोडक्यात आहे आणि ती एका विशिष्ट श्रोतृवर्गापुढे दिलेली आहे. तिच्यात सिद्धान्त आहे, पण दिवस नाहीत. सकाळी उठून काय केले आणि संध्याकाळी काय करवले नाही, याचा हिशेब त्यात येत नाही.

आता रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. गिरिप्रवचनाने त्यांना पकडले ते सोडले नाही, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. ही कथा चरित्रकाराला मोह पाडील अशीच आहे : प्रवास, अनोळखी माणूस, पुस्तक, प्रकाश. परंतु त्याच प्रकाशाची दुसरी बाजू ज्या ग्रंथात आहे तो ‘स्मृतिचित्रे’. पतीला हाक ऐकू आली. पत्नीला ऐकू आली ती लोकांची कुजबूज. त्याला मार्ग सापडला, तिचे घर गेले. लहानग्या दत्तूला घेऊन ती पंढरपूरला थोरल्या बहिणीच्या आश्रयास राहिली. दुःखाने भ्रमिष्ट होण्याची वेळ तिच्यावर आली. एका माणसाने आज्ञापालन केले की त्याची किंमत पुष्कळदा दुसरे माणूस भरते, ही गोष्ट धार्मिक वाङ्मयात सहसा नोंदली जात नाही. लक्ष्मीबाईंनी ती नोंदली, आणि तक्रारीचा सूर न लावता नोंदली.

यानंतरचा भाग माझ्या मते पुस्तकाचा गाभा आहे. पण तो समजण्यासाठी पुस्तकाच्या पहिल्या पानांकडे परत गेले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सासरे १८५७ च्या धामधुमीत फाशी गेले. त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर परिणाम होऊन त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेता येत नसे. मीठ आणि साखर यांचीही त्यातून सुटका नव्हती. लेखिका हे सारे इतक्या गमतीने सांगते की वाचक हसत हसत पुढे जातो. पुनर्वाचनात मात्र ध्यानात येते की लेखिकेने आपल्या कथेची पहिली वीट येथे ठेवली आहे. भयातून जन्मलेली शुद्धता कशी असते ते तिने बालपणी पाहिले. पाण्याने मीठ धुतले तर मीठच उरत नाही, हे त्या घरातील मुलीला कोणी सांगावयास नको होते.

अशा घरातून आलेली ही स्त्री ताटातुटीची वर्षे संपल्यावर पतीजवळ नगरला आली, तेव्हा तिने आपली चूल, आपले पाणी, आपला देव निराळे ठेवले. नवरा ख्रिस्ती, आपण ब्राह्मण; एका अंगणात दोन धर्म. पतीच्या वादविवादाने ते सोवळे सुटले नाही. मग नगर-राहुरीच्या त्या दिवसांत एकदा ती आपल्या आपणच विचार करीत बसली. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांच्या जातींत दिसतो तसा फरक माणसामाणसांच्या शरीरांत दिसला नसता का? तसा तो दिसत नाही. तेव्हा ही वाटणी माणसाची. आणि माणसाची असेल तर ती मोडावयास माणसाची परवानगी पुरे आहे. हा विचार पूर्ण झाला तेव्हा तिने ठरविले की यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही. बाप्तिस्मा झाला तो नंतर, १९०० साली.

हा क्रम ध्यानात घ्यावा अशी माझी वाचकांस विनंती आहे. आधी पाणी, मग धर्म. पतीच्या बाबतीत आधी पुस्तक, मग श्रद्धा, मग संस्कार, आणि मग हळूहळू संसारातील परिणाम. पत्नीच्या बाबतीत परिणाम आधी आला. ज्या ठिकाणी बदल सर्वांत कठीण होता, जेथे बापाचे वेड आणि पिढ्यांचे संस्कार बसले होते, तेथेच तो प्रथम घडला. पुढचे सारे त्या मानाने सोपे होते. आकाशवाणी नाही, स्वप्न नाही, अश्रूंचा पूर नाही. एक बाई विचार करते आणि पाण्याचा पेला उचलते. एवढ्या मोठ्या घटनेसाठी इतके थोडे शब्द खर्च करणारी लेखणी मराठीत दुर्मिळ आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की यात देवाची प्रेरणा कोठे आली? ही तर सरळ तर्कबुद्धी झाली. कोणत्याही सुधारकाने हाच युक्तिवाद केला असता, आणि केलाही. आक्षेप योग्य आहे, आणि लक्ष्मीबाईंनीही त्या क्षणाला दैवी म्हणण्याची घाई केलेली नाही. परंतु तर्क आणि प्रेरणा यांतील भेद युक्तिवादाच्या मांडणीत सापडत नसतो. जातिभेद मनुष्यकृत आहे असे सभेत सिद्ध करून घरी जाऊन सोवळे नेसणारे विद्वान त्या काळी थोडे नव्हते. त्यांचा तर्क लक्ष्मीबाईंच्या तर्काहून कमी शुद्ध नव्हता; तो त्यांच्या हातापर्यंत पोहोचला नाही, इतकेच. डोक्यात पटलेली गोष्ट ज्या बळाने हातात उतरते त्या बळाला श्रद्धावान मनुष्य प्रेरणा म्हणतो. श्रद्धा नसणाऱ्याने त्यास निराळे नाव द्यावे. वस्तू तीच आहे. तुकोबांविषयीही असेच सांगतात की विरक्ती आल्यावर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. आमच्यासारख्या आयुष्यभर खतावण्या सांभाळणाऱ्या कारकुनाला या कथेचा अर्थ चटकन कळतो : हाक खरी होती, कारण ती वसुलीपर्यंत पोहोचली.

आता तंजावूरकडे परत येऊ. श्वार्त्झ यांच्या छायेत वाढलेले शिष्य दोन. एक सरफोजी, ज्यांचा जन्म १७७७ चा. दुसरा तिरुनेल्वेलीकडून बालवयात श्वार्त्झबरोबर आलेला वेदनायगम, जो १७७४ साली जन्मला आणि वेदनायगम शास्त्री या नावाने तमिळ ख्रिस्ती काव्याचा मोठा कवी ठरला. त्याचे ‘बेथलेहेम कुरवंजी’ आजही तमिळ ख्रिस्ती समाजात आदराने उल्लेखिले जाते. एक राजा, एक कवी, आणि गुरू एकच.

सरफोजींनी धर्म बदलला नाही. राज्याचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनीकडे गेला. उरले ते किल्ल्याचे आधिपत्य आणि वर्षासन. अशा राजाने उरलेले आयुष्य विलासात घालविले असते तरी कोणी नवल केले नसते. त्याऐवजी त्यांनी ग्रंथ जमविले, वैद्यक अभ्यासिले, छापखाना घातला (त्यांच्या कारकिर्दीत १८०६ साली येथे ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूपांतर देवनागरीत छापले गेले), आणि ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळच्या नावाने छत्रम् उभारून अन्न, विद्या आणि औषध यांची सोय केली. युद्धाच्या आणि टंचाईच्या दिवसांत ज्यांच्या शब्दावर रयतेने धान्य आणून दिले अशा गुरूपाशी हा राजा वाढला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामांचा उगम समजतो. गुरूचा देव त्यांनी घेतला नाही. गुरूची कामे घेतली.

वेदनायगम शास्त्री यांचे उलट. ते श्रद्धेत अढळ होते. राजाने बृहदीश्वराच्या स्तुतिपर रचना करावयास सांगितले असता राजाश्रयाची पर्वा न करता या दरबारी कवीने नकार दिला, असे परंपरा सांगते. राजा बालमित्र, अन्नदाता. आणि त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे! हे धैर्य लहान नव्हे. परंतु याच शास्त्र्यांच्या आयुष्यात एक बंद दार आहे. १८२० नंतर आलेल्या नव्या दमाच्या मिशनऱ्यांनी, चर्चमध्ये निरनिराळ्या जातींच्या ख्रिस्ती लोकांनी एकत्र बसावे आणि प्रभुभोजन एकत्र घ्यावे, असा आग्रह धरला, तेव्हा शास्त्र्यांनी त्यास कडाडून विरोध केला. १८२९ च्या सुमारास त्यांनी या विषयावर लेखनही केले. वेल्लाळांच्या रीतिभाती हा धर्माचा प्रश्न नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

शास्त्र्यांना येथे हसणे सोपे आहे, आणि म्हणूनच हसू नये. त्यांची तक्रार केवळ जातीपुरती नव्हती. नव्या मिशनऱ्यांनी जुने, कानांत बसलेले तमिळ बायबल बदलले, सणांतील फुले काढली, उपासनेतील तमिळ संगीतावर आक्षेप घेतले. यांपैकी बऱ्याच गोष्टींत आज आपण शास्त्र्यांच्याच बाजूने मत देऊ. आपली भाषा, आपले गाणे, आपली फुले टाकून देवाकडे जावे लागत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्याकडे टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांच्या द्वारे तेच केले. मात्र घोटाळा झाला तो येथे : फुले, गाणे, भाषा यांच्या एकाच गाठोड्यात शास्त्र्यांनी जातही बांधली. माणसाला जी गोष्ट सोडवत नाही ती तो कधीही एकटी ठेवीत नाही. राखण्याजोग्या चांगल्या गोष्टींच्या मधोमध तिला बसवितो, आणि तिच्याकडे कोणी बोट दाखविले की त्या साऱ्या चांगल्या गोष्टींच्या वतीने भांडतो.

या तिघांना शेजारी ठेवले म्हणजे ‘स्मृतिचित्रे’चे मोल अधिक स्पष्ट होते. सरफोजींनी कामे बदलली, उपासना बदलली नाही. शास्त्री राजापुढे वाकले नाहीत, पण शेजाऱ्यापुढे सरकलेही नाहीत. लक्ष्मीबाईंनी गाठोडे सोडले, त्यातली एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि वेगवेगळी ठेवली. कविता ठेवली, सण ठेवले, मराठी स्त्रीचा सारा जिव्हाळा ठेवला. पाण्यावरचा पहारा तेवढा उठविला. भाविकतेपेक्षाही ही विवेकाची निवड फार कठीण असते.

पुस्तकाचे गुण सांगितले, आता उणिवा. बाप्तिस्म्यानंतर लेखिकेच्या अंतरंगातील धार्मिक जीवनाविषयी आपल्याला फारच थोडे कळते. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा साऱ्या ख्रिस्तभक्तांसाठी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. वयाच्या पंचावन्न वर्षांपुढे स्थिर उत्पन्न सोडणारा हा निर्णय पहिल्या हाकेहून कमी नव्हता. तो पत्नीला कसा पटला, की पटलाच नाही, याचे सखोल चित्र वाचकाला हवेहवेसे वाटते. याहून मोठी उणीव दुसरी. ब्राह्मण स्त्रीने इतरांच्या हातचे पाणी घेतले, याची कथा आपल्याजवळ आहे. ज्यांच्या हातचे पाणी पिढ्यान्पिढ्या कोणी घेत नव्हते, त्यांना ते घेतले गेले तेव्हा काय वाटले, याची कथा या ग्रंथात नाही. हा लेखिकेचा दोष म्हणता येणार नाही. तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले तेवढे लिहिले. पण १८३१ पासून नगर जिल्ह्यात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत मोठी संख्या महार-मांग कुटुंबांची होती. त्यांच्या बाजूने ‘स्मृतिचित्रे’च्या तोडीचे पुस्तक मराठी ख्रिस्ती वाङ्मयात झाले नाही. घेणारी बाजू लिहिती झाली. देणारी बाजू मुकी राहिली.

प्रस्तुत लेखक या दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या पणजोबांनी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात बाप्तिस्मा घेतला. मी हे येथे सांगतो याचे कारण आत्मप्रौढी नाही. ‘स्मृतिचित्रे’ने मला एक हिशेब विचारला, तो दिल्यावाचून हा लेख पुरा होत नाही.

बदली होऊन येथे आलो तेव्हा जुन्या तंजावुरी मराठी कुटुंबातील एका वृद्ध गृहस्थांनी मला घर भाड्याने दिले. आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी भाड्यातही सूट दिली. “तुम्ही कुठले, कोण?” असे त्यांनी विचारले. “आम्ही नगरकडले मराठी,” असे म्हणून मी थांबलो. उत्तर खोटे नव्हते. थांबणे खोटे होते. माझ्या मुलांना त्यांच्या माजघरातल्या तांब्याच्या घागरीतले पाणी मिळू लागले, आणि रविवारी उपासनेला जाताना मी बायबल वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ लागलो. काही महिने असे गेले. राहुरीच्या त्या प्रसंगापाशी मी पुस्तक तिसऱ्यांदा मिटले, तेव्हा मला उमगले की ज्या बाईने पेला उचलला तिला काहीही लपवावयाचे नव्हते, आणि मी मात्र मिळालेला पेला लपवून पीत होतो. त्या महिन्याचे भाडे देताना मी घरमालकांना सारे सांगितले. ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. राहा तुम्ही.” भाड्याची सूट त्यांनी काढली नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलांना पाणी पूर्वीसारखेच आतून येऊ लागले; फक्त पेला निराळा झाला.

त्या पेल्याचा मला राग आला. तो राग घेऊन मी दोन दिवस कचेरीत काम केले. तिसऱ्या दिवशी मला थोरल्या बंधूंच्या पत्राची आठवण झाली. पुतणीसाठी एक स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, नोकरीत, ख्रिस्ती. “पण आपल्यातला नाही,” असे बंधूंनी लिहिले होते. त्याचे घराणे मूळचे ज्या जातीचे ती आमच्या मूळ जातीहून खालची समजली जाते, एवढाच त्याचा अर्थ. दादांना दुखवू नये, घरच्या गोष्टी थोरल्यांनी पाहाव्या, अशा चांगल्या चांगल्या कारणांनी मी त्या पत्राला उत्तर देण्याचे टाळले होते. ती कारणे मी पुन्हा तपासली. सारी खरी होती. आणि त्यांच्या मधोमध वेदनायगम शास्त्र्यांचे गाठोडे होते.

त्या रात्री मी दादांना लिहिले की मुलगा मुलीला पसंत असेल तर जातीचे कारण मला मान्य नाही, आणि लग्नाला मी उभा राहीन. उत्तर आले ते दोन ओळींचे आणि रागाचे. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. घरातला पेलाही अजून निराळाच आहे. पण त्याच्याकडे पाहताना आता मला घरमालकांइतकीच माझ्याही घरची आठवण होते, आणि राग पूर्वीइतका टिकत नाही.

समीक्षकाने ग्रंथाचे मूल्य ठरवावे, ग्रंथाने समीक्षकाचे ठरवू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. ‘स्मृतिचित्रे’सारखे पुस्तक तो पाळू देत नाही. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींच्या कपाटात हे पुस्तक बहुधा असतेच. गावाकडची भाषा ऐकावी म्हणून आपण ते मधून मधून उघडतो. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा त्यातील विनोदाला अवश्य हसा. मात्र नगर-राहुरीच्या पानांवर आलात की थोडे थांबा, आणि आपल्या घरात कोणता पेला निराळा ठेवलेला आहे ते पाहून या.